कंडम टाकीचं पहिलं भोक

आम्ही मालगाडीच्या डब्यात राहायचो. हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात, म्हणतात, आजी, मग तुमचं घर गावोगाव फिरायचं का. कसलं फिरतंय, त्याची चाकं आम्ही यायच्या आधीच वितळायला गेली होती. चार दगडांवर टेकवलेला बंद डबा, एका अंगाला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गॅसने कापून काढलेली खिडकी, दुसऱ्या अंगाला मूळचा सरकता दरवाजा. तो दरवाजा एकट्या माणसाला ओढवत नसे, म्हणून वर्षभर अर्धा उघडाच राहायचा आणि मायने तिथे जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाठ टेकायची सोय नाही. खानदेशातलं ऊन ज्याने काढलंय त्याला वेगळं सांगायला नको. थंडीत तोच पत्रा पहाटे ओला व्हायचा आणि गोधडीवर थेंब गाळायचा. डब्यात किती टन माल भरावा ते आतल्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच्या खालीच मायने देव मांडले होते.

अमळनेर आणि धरणगावच्या मधल्या एका लहान स्टेशनामागे ही जुनी साइडिंग होती. रेल्वेने बाद केलेले मालडबे तिथे आणून उभे करायचे आणि लिलावात ते घेतलेला ठेकेदार कापून भंगारात घालवायचा. बाद डब्याला सगळे कंडम म्हणायचे. कंडम ठरला की त्याच्या अंगावर पांढरी फुली मारायचे, आणि एकदा फुली बसली की त्या डब्याला कोणी वाली नसायचा. कधीकाळी त्यांतून कापसाच्या गाठी गेल्या, सरकी गेली, पेंड गेली, खत गेलं. उभ्या डब्यांच्या रांगेतून चालत गेलं की प्रत्येकाचा वास निराळा. आबा मूळचे धुळ्याच्या एका लोखंडी कारखान्यातले कटर, गॅसने लोखंड कापणारे. तो कारखाना बंद पडल्यावर बाडबिस्तरा घेऊन इथे आले. कापायचीही रीत असते. आधी लाकडी फळ्या, मग दरवाजे, मग पत्रा, मग खालच्या पाटा-स्प्रिंगा आणि शेवटी चाकं. एखादी आख्खी बाजू धाडकन खाली पडली की आमच्या डब्यातली भांडी वाजायची आणि माय न बघता म्हणायची, गया एक. दुपारी कामावरची माणसं आमच्याच सावलीला बसून भाकरी खायची, आणि भाकरीवर प्रत्येकाला गुळाचा खडा ठरलेला. रंगाचा न् जस्ताचा धूर छातीत गेला की गूळ खावा, असं सगळेच मानायचे. त्याने काय होतं देव जाणे, पण आमच्याकडे चहाला गूळ नसला तरी चालायचा, कटरला लागायचाच.

या सगळ्यांत वाईट काम टाकीचं. आडवी, गोल, तेलाची टाकी चाकांवर बसवलेली असते ना, ती. तिच्या डोक्यावर माणूस जाईल एवढं तोंड असतं, त्यावर झाकण. आत तळाला रॉकेल-पेट्रोल चिकटून राहिलं असेल आणि त्याची वाफ कोंडली असेल, तर बाहेरून ज्योत लावल्याबरोबर टाकी फुटते. फुटली की जवळचा माणूस गोळा करावा लागतो, हे आम्हा पोराबाळांनाही ठाऊक होतं. यावर खरा उपाय म्हणजे टाकी काठोकाठ पाण्याने भरून मग कापायची. पण पाणी होतं लांबच्या विहिरीत, तिथे इंजिन लावा, पाइप जोडा, टाकी भरायला दीड-दोन दिवस. मुकादमाला तेवढा दम नसायचा. म्हणून कटर लोकांनी आपसात एक रीत पाडली होती. टोळीतला जाणता माणूस वर चढायचा, झाकण उघडून आत डोकं घालायचा आणि वास घ्यायचा. त्याने वास आहे म्हटलं तर पाणी, मग मुकादम कितीही कटकट करो. त्याने नाही म्हटलं तर सरळ गॅस. आणि ज्याने नाही म्हटलं, पहिलं भोक त्यानेच पाडायचं. बाकीचे तोवर दूर चाकांच्या ढिगाआड उभे राहायचे. आपल्या शब्दावर आपला जीव ठेवायचा, अशी ती रीत.

आमच्या टोळीत हा मान आबांचा. बाहेर सगळे त्यांना नाना म्हणत. नानांच्या नाकाच्या गोष्टी भुसावळपर्यंत गेल्या होत्या असं हमीदचाचा सांगायचे, थोडं तिखटमीठ लावून. हमीदचाचा आबांच्या बरोबरीचे, जुने कटर. दुसरा शांताराम, पंचविशीतला, आबांच्या हाताखाली शिकलेला, लग्न होऊन वर्ष झालेलं. हे तिघं आणि मुकादम, एवढीच आमची टोळी. आबा टाकीत डोकं घालून नुसतं वास आहे-नाही सांगायचे नाहीत. म्हणायचे, यात आधी गोडंतेल होतं, त्याच्याआधी काकवी. शांताराम भाबडेपणाने विचारायचा, नाना, काकवी कशी काय वळखनी? आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. मला त्यांचा फार गर्व होता. मी अमळनेरला रेल्वेने अकरावीला जायचे. वर्गात कोणाचा बाप शेतकरी, कोणाचा दुकानदार. माझा बाप नाकाने टाकी वाचतो, असं मी ऐटीत सांगायचे आणि पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. हसोत बापड्या.

हिवाळ्यातली गोष्ट. भरताची वांगी आली होती, ती पांढरट हिरवी, मोठी. आमच्याकडे भरीत गॅसवर नाही, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर करतात, आणि ते भाजायला लागलं की वास शेजारच्या गावाला निमंत्रण देतो. मायने डब्यासमोर जाळ केला होता. वांगी करपून त्यांचं पाणी जाळात चुरचुरत होतं. बाजूला हिरव्या मिरच्या भाजत होत्या, त्यांचा ठसका सगळ्या साइडिंगभर. स्टेशनावरचा पोर्टरही दोनदा येऊन बघून गेला. आबा हातपाय धुऊन आले, जाळाकडे पाठ करून दगडावर बसले, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाले, "आज काय शे जेवाले?"

माय हसली. तिला वाटलं गंमत करतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते गंमत करत नव्हते. खानदेशातला माणूस भरिताच्या धुरात बसून आज जेवायला काय आहे असं विचारतो, म्हणजे काय ते मला एकदम कळलं आणि माझ्या हातातली परात खाली पडली. धांदरट म्हणून मायने मला दोन शब्द सुनावले. आबांनी मागे वळून जाळ पाहिला, वांगी पाहिली आणि घाईने म्हणाले, "भरीत शे. मी आपला सहज इचारं."

दुसऱ्या दिवसापासून मी पाळत ठेवली. आपल्याच बापावर पाळत ठेवायची, किती वाईट वाटतं ते ज्याचं त्याला कळतं. दिव्यातल्या रॉकेलमध्ये चिंधी बुडवून त्यांच्या पाठीमागे धरली. ते कातडी हातमोज्याला टाके घालत बसले होते, तसेच बसून राहिले. दूध उतू जाऊन चुलीत जळलं, ते शेजारी होते, हलले नाहीत. लोणच्याच्या बरणीला बुरशीचा घाण वास यायला लागला होता, मी मुद्दाम फोड वाढली, त्यांनी चाटूनपुसून खाल्ली. तीनदा खात्री झाल्यावर चौथ्यांदा बघायची मला हिंमत राहिली नाही. वर्षानुवर्षं तो जस्ताचा धूर नाकात ओढून ओढून आतलं सगळं जळून गेलं असणार. मी हे मायला सांगितलं नाही. एकदा बोललं की खरं होऊन बसेल असं वाटायचं. सोळा-सतरा वर्षांची घोडी होते मी, तरी ही अक्कल. आबांशी बोलायचं तर प्रश्नच नव्हता. तुमचं नाक गेलं, असं नानांना कोण सांगणार?

मध्यंतरी ती साथ आली तेव्हा माझाही वास गेला होता, तीन आठवडे. धुळ्याच्या घरात मी हिंगाची डबी नाकाला लावून बसायचे, मग बाम, मग लसूण ठेचून. काही नाही. सून म्हणायची, आई, येईल परत, सगळ्यांचा येतो. मला रडू यायचं ते माझ्यासाठी नव्हतं. आबासुद्धा असेच एकटे कुठेतरी उभं राहून कांदा फोडून हुंगत असतील, कोणाला दिसू न देता, आणि उद्या येईल, परवा येईल म्हणत असतील, हे मला साठाव्या वर्षी समजलं. तेव्हा मात्र मला त्यांचा फक्त राग यायचा. आणि भीती वाटायची. भीती म्हणजे काय, तर ताटातली भाकरी तशीच राहायची. माय म्हणायची, "काय व सुमे, जेवणमा ध्यान नही शे का तुनं?"

त्या भरिताच्या दिवसानंतर दोन टाक्या आल्या. पहिली आली तेव्हा मी कॉलेजात होते, संध्याकाळी परतले तेव्हा ती अर्धी कापून झाली होती. आबा जिवंत दिसले, तेव्हा कुठे मी स्टेशनावरून घराकडे पाऊल टाकलं. दुसरीच्या वेळी मी घरी होते. आबा वर चढले, डोकं आत घातलं, उतरले, म्हणाले, नाही. हमीदचाचा, शांताराम आणि मुकादम चाकांच्या ढिगाआड गेले. आबांनी ज्योत पेटवली. मी आमच्या डब्याच्या दारात उभी होते आणि दाराची लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली होती. ज्योत पत्र्याला लागली, पत्रा लाल झाला, ठिणग्या उडाल्या, भोक पडलं. झालं काहीच नाही. शांताराम लगेच वरून टाकीत उतरला, आतून तळ कापायला, गाणं गुणगुणत. तळाच्या गाळात काही दबून असेल तर ते पहिल्या भोकाने कळत नाही, नाकानेच कळतं. माझे हात कडीवरून सुटत नव्हते, मायने येऊन सोडवले. तिला वाटलं मला ताप आलाय. खरंच आला होता. त्या दोन्ही टाक्या गोड्या तेलाच्या होत्या, अंगावर तसं लिहिलेलं होतं, म्हणून आबांनी अंदाजाने हात मारला असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या टाकीवर काही लिहिलेलंच नव्हतं. रंग खरवडलेला, नुसती फुली. रविवार होता. सकाळी धुकं होतं आणि मुकादम आल्याआल्याच घाई करत होता, कारण मोकळी झालेली चाकं न्यायला ट्रक यायचा होता. म्हणाला, "नाना, बघून टाका पटकन. दुपारपर्यंत दोन तुकडे तरी पडले पाहिजेत." आबा शिडी चढायला लागले. शांताराम खाली उभा राहून हाताच्या मुठीत फुंकर घालत होता. टाकी आदल्या संध्याकाळीच येऊन उभी राहिली होती; रात्रभर रडून माझं नाक चोंदलेलं, डोळे सुजलेले. आबा शिडीच्या पाचव्या पायरीवर होते आणि मला लख्ख कळलं की हे आत डोकं घालतील, नाही म्हणतील, खाली उतरतील आणि पेटवतील. मी पळत गेले आणि त्यांच्या मागोमाग शिडी चढले. खालून मुकादम ओरडला. आबांनी मागे वळून पाहिलं. "तू कसाले वर चढनी?"

"मलाही बघायचंय," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी झाकण उघडलं होतं. ते काही म्हणायच्या आत मी त्यांच्या हाताखालून डोकं आत घातलं. काळोख. थंडगार. गंज नि ओल. दुसरा वास होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही; चोंदलेल्या नाकाला काय कळणार. डोकं बाहेर काढलं आणि खालच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "आबा, वास येतो. रॉकेलसारखा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. वीतभर अंतर होतं आमच्यात. त्यांच्या पापण्यांची टोकं जळालेली होती, ती मला दिसत होती. मग त्यांनी सावकाश डोकं आत घातलं, बराच वेळ घातलं, आणि बाहेर काढून माझ्याकडे न बघता खाली सांगितलं, "वास येस. पाणी भरा."

मुकादम चिडला. "नाना, पोरीच्या सांगण्यावर टाकी भरायची? दोन दिवस गेले म्हणजे."

"पोर नही सांगस. मी सांगी ऱ्हायनू," आबा म्हणाले आणि उतरले.

दिवसभर विहिरीवरचं इंजिन धडधडत होतं. संध्याकाळी जेवताना आबांनी मायच्या नकळत विचारलं, "खरंच व्हता का वास?" मी म्हटलं, "होता ना." त्यांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. बापाशी एका दिवसात दोनदा खोटं बोलले होते. शिवाय ते मला विचारतात, म्हणजे त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे, हे कळून मी आणखीनच घाबरले. आता पुढच्या टाकीला काय? तिच्या पुढच्या? मी दर टाकीला शिडी चढू का? आणि एखाद्या दिवशी माझंच नाक चुकलं तर?

सोमवारी मी कॉलेजला गेले नाही. दुपारी पाणी टाकीच्या तोंडाशी आलं. हमीदचाचा पाइप सांभाळायला नुकतेच वर चढले होते. पाणी काठाला लागलं आणि ते एकदम पाइप सोडून मागे सरकले, पडतापडता वाचले. "नाना, वर या," म्हणाले. मीही चढले. पाण्यावर बोटभर जाड थर तरंगत होता, तळाच्या गाळातून सुटून वर आलेला, त्यावर निळे-जांभळे रंग फिरत होते. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. चोंदलेल्या माझ्या नाकालाही तो आता कळत होता. रॉकेलही नव्हे, पेट्रोल. मुकादम वर यायलाच तयार नव्हता, खालूनच विचारत होता, काय आहे, काय आहे. चाचांनी सांगितल्यावर त्याने खिशातली विडीची जुडी काढून लांब फेकली. मला हसू आलं नाही. मी नुसती त्या रंगांकडे बघत होते. मी न घेतलेला वास तिथे खराच होता. मी खोटं बोलले होते हे मी आबांना कधी सांगितलं नाही, ते गेले तरी नाही.

खाली उतरल्यावर सगळे आबांभोवती जमले. हमीदचाचा दोन्ही हात वर करून म्हणाले, नाक असावं तर असं, अल्लाने दिलेलं. मुकादमसुद्धा म्हणाला, नाना, तुम्ही नसता तर आज आम्ही नव्हतो. मायने डब्यातून गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला. आबा मधे उभे होते आणि त्यांच्या हातावरचा गूळ तसाच होता. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मग शांताराम पुढे आला, वाकला आणि त्याने आबांच्या पायांना हात लावला.

आबांनी पाय मागे घेतले. "पाय धरू नको," ते म्हणाले. "माले वास नही येत. दिवाईपासून कसाचाच वास नही येत."

हमीदचाचा हसले. म्हणाले, दिवाळीपासून? मस्करी नका करू नाना. आबांनी खालचा गॅसचा कटर उचलला, चाचांच्या पायाशी ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. "कालदिन पोरनी सांगं म्हणून मी हो म्हणं. समदास्ले सांगी टाकस आज." चाचांचं हसू थांबलं. माय दारात गुळाची वाटी घेऊन उभी होती, ती तिथेच खाली बसली. इंजिन अजून चालू होतं, ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही, टाकी वरून वाहायला लागली.

शांताराम अजून वाकलेलाच होता. हळूहळू सरळ झाला. त्याच्या कपाळावर आठी आली, हिशेब लागत नसल्यासारखी, आणि मग लागला. "मागली टाकीमा मी उतरेल व्हतू ना, नाना," तो म्हणाला. "तवयबी वास नही येत व्हता तुम्हले?"

"नही येत व्हता," आबा म्हणाले.

शांताराम रुळाशेजारच्या एका जुन्या लाकडी स्लीपरवर बसला. त्याने आधी आपले दोन्ही तळहात बघितले, मग दंड चाचपले, मग गुडघे. नंतर माझ्याकडे बघून पाणी मागितलं. मी आतून तांब्या आणून दिला. त्याने तो तोंडाला लावला तेव्हा तांब्याचा काठ त्याच्या दातांवर कडकड वाजत होता आणि निम्मं पाणी सदऱ्यावर सांडत होतं. आबा त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, त्याचे उस्ताद. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत ते त्याच्यासमोर हात जोडून उभे होते, आणि शांतारामने एकदाही वर बघितलं नाही.